कोऱ्या मातीवर विश्वास न ठेवणाऱ्या बाई

सुमतीबाईंशी माझी ओळख एका खड्ड्यात झाली. अमृतमहोत्सवी ग्रंथात असे लिहिणे बरे दिसते की नाही, ठाऊक नाही. बाईंना मात्र ते आवडेल.

बुरोंडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याशी आमचे उत्खनन चालले होते. सड्यावर जुनी खापरे विखुरलेली, पण ना चूल, ना हाड. पायथ्याच्या खड्ड्यातही नुसती तांबडी माती लागली. माणसाचा हात न लागलेल्या अशा मातीला आम्ही 'कोरी' म्हणतो आणि ती लागली की कुदळी खाली ठेवतो. इथे वस्तीच नव्हती असे ठरले असते, तर माझा प्रबंध तिथेच संपला असता. त्यात जमिनीचे मालक तात्या रोज येऊन विचारत, "खड्डा कंदी बुजवणार? मला नांगर धरायचा हाय."

शेवटचा उपाय म्हणून रत्नागिरीहून मातीच्या अभ्यासक सुमतीबाईंना बोलावले. त्या एस.टी.ने आल्या आणि पदर खोचून सरळ खड्ड्यात उतरल्या. चिमूटभर माती तळहातावर पाण्याने कालवून त्यांनी जांभ्याचे गुळगुळीत खडे माझ्यापुढे धरले.

"ही कोरी नव्हे गो. जागच्या मातीत असे घासलेले खडे नसतात. पूर्वी कधीतरी पाऊस फार वाढला, तेव्हा ही सड्यावरून वाहून आली. वस्ती असलीच तर हिच्याखाली असेल. आणि हाडांचं म्हणशील, तर वरची आंबट माती हाडं खाऊन टाकते. ती मिळाली नाहीत म्हणून माणसंच नव्हती कशी?"

मग तात्यांच्या पडवीत चहा घेत आणखी खणायला मुदतही बाईंनीच मागितली. तात्या म्हणाले, "तुमच्या शब्दावर थांबतो बाय. पन पावसाला कोन थांबवणार?"

पावसाआधीच त्या मातीखाली शिंपल्यांचा थर लागला. शिंपल्यांच्या चुन्याने आंबटपणा मारला होता, त्यामुळे माशांचे काटे शाबूत होते. शेजारी चुलीचे काळवंडलेले दगड. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच बसून रडले. बाई म्हणाल्या, "रड हवं तेवढं, पण काट्यांवर नको. नमुने खराब होतात."

प्रबंधात मी त्यांचे पानभर आभार मानले होते. त्यांनी ते खोडून दोन ओळींवर आणले आणि राहून गेलेले तात्यांचे नाव घातले.

आजही माझे विद्यार्थी समाधानाने कुदळी ठेवू लागले की मी आधी बाईंना फोन लावते. पलीकडून खणखणीत "बोल गो" आले की सुटल्यासारखे वाटते. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आमची प्रार्थना भक्तीची कमी आणि गरजेची जास्त आहे. आम्ही अजून फार लवकर थांबतो.