आपोआप चालणाऱ्या गाडीची परीक्षा

गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात मी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचो, आणि जगातलं कोणतंही यंत्र आपल्याला विचारल्याशिवाय चालूच शकत नाही असा माझा समज होता. अशा माणसाच्या हाती परदेशी मोटार पडू नये. पडली. कारखाना उभारायला आलेला एक गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला.

त्या गाडीत एक नवल होतं. बटण दाबलं की वेग तसाच राहायचा, पाय वर घेऊन खुशाल बसा. आणि हे कुठे, तर ऐंशीच्या दशकातल्या आमच्या रस्त्यांवर! चुनखडीचे ट्रक, बैलबंड्या आणि खड्डे यांच्यातून गाडी फर्लांगभर एका वेगानं गेली तर पेढे वाटावेत अशी गत. गाडीत बाकी सगळं ठणठणीत होतं, बंद होतं ते तेवढंच.

पण हे कळायच्या आधीच मी नागभीडजवळच्या आमच्या गावी आईला चिठ्ठी टाकून मोकळा झालो होतो. गाडी घेतली, आपोआप चालते, रविवारी घेऊन येतो. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, धानाची रोवणी केली. त्याच बांध्यांजवळून एकदा पुढच्या सीटवर बसून जायचं, एवढीच तिची हौस होती.

दोष होता ॲक्सिलेटरची तार ओढून धरणाऱ्या डब्यात. आत रबरी पडदा असतो. इंजिननं हवा शोषली की पडदा सरकतो आणि तार ओढली जाते. घरी इंजिन कुठून आणणार? मी सायकलच्या पंपातलं चामडी वायसर उलटं बसवलं, म्हणजे पंप हवा भरायचं सोडून ओढायला लागतो. मग स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, हवा ओढायची, नळी चिमटीत धरायची आणि आकडे मोजायचे. पाचावर तार ढिली पडायची. डबा कणकेच्या परातीतल्या पाण्यात बुडवून, फुंकून बुडबुडे पाहिले, तेव्हा बायकोचा संयम संपला.

"त्या डब्याबिगर गाडी चालत नाई का?"

"चालते."

"मंग काऊन अडवून ठेवली? म्हातारी तिकडे वाट पाहून राह्यली."

"अर्धवट गाडी नेऊ का आईसमोर?"

"गाडी पुरी हाये. अर्धवट कोन हाये, ते मले मालूम हाये."

असल्या अडाणी बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, असं मी शिकलेला माणूस असल्यामुळे ठरवलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. गावच्या मास्तरांच्या हातचं आईचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती, गाडी कधी येते? मी तेव्हा ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून नवा पडदा कापत होतो. चौथ्या रविवारी तार शंभर आकडे ओढलेली राहिली. वा रे पठ्ठ्या! मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी निघालो. चंद्रपूर सोडलं, नागभीड आलं, आणि ते बटण दाबायला अख्ख्या वाटेत एकदाही जागा मिळाली नाही. बायको खिडकीबाहेर बघत हसत होती.

घरापाशी थांबलो तर परसाचं काटेरी कुंपण गाडीच्या रुंदीएवढं तोडलेलं. आत वांग्यांचे नुसते दांडे उभे. भर उन्हाळ्यात आईनं विहिरीवरून घागरी वाहून जगवलेली वांगी होती ती.

"आई, कुंपन कोनं तोडलं?" बायकोनं विचारलं.

"म्याच. चिठ्ठी आली त्याच दिवशी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आपोआप येते म्हनलास ना बा. म्या म्हनलं, आली तं अडू नये."

महिनाभर गावच्या बकऱ्या त्या वाटेनं येऊन जेवून गेल्या होत्या. मला एवढी लाज वाटली की वर बघवेना.

"चाल आई, बस पुढं. बांध्यांकडं चक्कर मारू."

ती गाडीजवळ आली, दारावरून हात फिरवला. मग मागे बघितलं.

"आता नाई रे. बकऱ्या यायची येळ झाली. चार मिरच्या राह्यल्या हायेत, त्याही जातीन."

हातात काडी घेऊन ती कुंपणाच्या तुटक्या जागी जाऊन बसली.