कुंडीतला पळस

मुर्रीच्या नाल्याकाठी रस्ता रुंद करताना कुणीतरी उपटून फेकलेलं पळसाचं खोड मी स्कूटीवर फुलचूरला घरी आणलं, तेव्हाच ठरवलं होतं की याला कुंडीत फूल आणायचंच. बोन्साय शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पान फार मोठं, हे झाड कामाचं नाही. मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच संध्याकाळी खोड गच्चीवर पसरट कुंडीत बसवलं.

त्यानंतर सहा वर्षं गेली. पावसाळ्यात कुंडीत तरोटा उगवायचा. तो मी उपटायची नाही, कोवळा असताना खुडून भाजी करायची. थंडीत शिंजीर यायचे, शेजारच्या जास्वंदीत चोच खुपसायचे आणि माझ्या पळसाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बुंधा जाड झाला, पानं हळूहळू लहान झाली, पण फूल काही येईना. मला खरंच राग यायचा त्या झाडाचा.

छाटणी बाबांकडे होती. दरेकशाच्या रानात त्यांनी जन्मभर पळसावर लाख पिकवली. लाखेचा किडा कोवळ्या फांदीवरच बसतो, म्हणून दर माघात झाडं छाटायची. गुडघे गेले तसे ते माझ्याकडे राहायला आले, पण कुठेही जा, पळसाला पानं तीनच. माघ लागला की कोयता घेऊन, एकेक पायरीवर टेकत, ते गच्चीवर. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात पळस म्हणजे छाटायचाच.

गेल्या वर्षीच्या माघात वाळकी पानं काढायला मी त्यांच्याआधी वर गेले. फांद्यांवर राईएवढ्या काळसर, मखमली कळ्या होत्या. दरवर्षी आम्ही फूलच कापत होतो.

बाबा आले. मी त्यांच्या हातून कोयता काढून घेतला.

"कायले थांबवून राहिली मले? छाटल्याबिना पळस फुटते का?"

"यंदा नाही छाटायचं, बाबा."

कोयता मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, ताट सरकवायचे. कळ्या गळून गेल्या तर म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखावलं असं होईल, याची मला भीती वाटत होती. तरी कुलूप काढलं नाही.

फाल्गुनात एका फांदीला सात फुलं आली. दुसऱ्या दिवशी शिंजीर जास्वंद सोडून तिथे लटकला. मी बाबांना धरून वर आणलं, खुर्ची दिली.

"दुसऱ्याच्या पळसाले लय फुलं पाह्यली," ते म्हणाले. "माह्या पळसाले कधीच नाही."

मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली.

यंदाचा माघ येऊन गेला. कोयता अजून कपाटातच आहे.