एकोणपन्नास
टोकन मशीनची टिंग ऐकली की मला नाशिकमधला तो डोळ्यांचा दवाखाना आठवतो आणि एका जागी बसवत नाही. तिथलं नवं मशीन नंबर इंग्रजीतच पुकारायचं. शेजारच्या मावशींच्या पदराला झेंडूचा वास होता. त्यांनी विचारलं, "पोरी, माझा एकोणपन्नास. आला का गं? मला दिसत नाय." मी इंग्रजी शाळेतली, एकोणपन्नास म्हणजे फिफ्टी नाइन समजले आणि "अजून वेळ आहे" म्हणाले. फिफ्टी थ्री झाल्यावर त्यांनी मुठीतली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. तिच्यावर ४९ होतं. कंपाउंडर म्हणाला, "नंबर गेला तुमचा. उद्या या." "परत दिंडोरीवरनं?" मावशी पुटपुटल्या आणि मलाच समजावत उठल्या, "मशीनला मराठी येत नाय, तू तरी काय करशील?" आता अशा मशीनचा मराठी आवाज मीच तपासते आणि एकोणपन्नास आला की अजूनही बोटांवर मोजते.