कन्नडचा घाट, चार वेळा वर

पाटणादेवीची माहिती शोधत तुम्ही या पानावर आला असाल, तर आधीच सांगते, आम्ही तिथे पोहोचलो नाही. चाळीसगावपर्यंत गेलो, एक रात्र राहिलो आणि देवीचं दर्शन न घेताच परतलो. कन्नडच्या घाटाबद्दल मात्र मी आता अधिकाराने लिहू शकते. एकाच सकाळी मी तो चार वेळा चढले.

गाडीची ओळख करून देते. वीसेक वर्षांपूर्वीची, सोळाशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी छोटी लाल गाडी. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या एका पोस्टमध्ये लिहिलं, तर खाली कॉमेंटमध्ये दोन गटांची भांडणं लागली. मी नोकरीला लागले तेव्हा ही गाडी नवीन होती आणि माझ्या आवाक्याबाहेर होती. सहा वर्षांपूर्वी ती मला एका शेडमध्ये धूळ खात पडलेली मिळाली. तेव्हापासून माझे बहुतेक रविवार तिच्यात गेले. वायरिंग, सस्पेन्शनचे रबर, दाराच्या कड्या, रंग, सगळं एकेक करत झालं. राहिलं होतं इंजिन. ते तेल पीत होतं.

इंजिन उघडलं ते गारखेड्यातल्या मुजीबभाईंनी. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. सिलिंडरच्या भिंती घासून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवले. काम झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, हा शेवटचा साइज. याच्यापुढं ह्या ब्लॉकला घासायला लोखंडच नाय."

दुसरा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा लोखंडी सांगाडा, मी वर्षभर शोधला होता. मिळाला नाही. म्हणून मी ठरवलं, हे इंजिन नीट बसलं नाही तर गाडी विकायची. अंगणात झाकून ठेवायला मला गाडी नको होती.

इंजिन 'बसणं' म्हणजे काय, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगते. घासलेल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवतात. पिस्टनवरच्या नव्या रिंगा त्या रेघांवर घासल्या जाऊन भिंतीशी जुळतात आणि मग तेल वर चढत नाही. हे सगळं पहिल्या काहीशे किलोमीटरांत होतं. झालं तर झालं. मुजीबभाईंनी गाडी ताब्यात देताना सांगितलं, "पाचशे किलोमीटरपर्यंत साडेतीन हजार आरपीएमच्या वर नका नेऊ. आन एका चालीनं नका चालवू, तिला कमीजास्त करत राहा."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून घेतलं आणि प्रवासाचा बेत आखला.

पहिला दिवस

सोबत माझी नणंद, उषाताई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या कुठेही यायला तयार असतात. फक्त वाटेत चहा हवा. सकाळी सहाला घरून, पुंडलिकनगरमधून निघालो. नवा मोठा रस्ता सोडून मी मुद्दाम दौलताबाद–वेरूळचा जुना रस्ता धरला. दिवाळी नुकतीच झाली होती. दौलताबादला रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. जुन्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते, त्यामुळे तिथे थांबावं लागतं. घाईत असाल तर हा रस्ता घेऊ नका.

आम्ही घाईत नव्हतो. फारच नव्हतो. आरपीएमचा काटा बावीसशेवर ठेवून मी साठच्या वेगाने चालले होते. मुजीबभाईंनी साडेतीन हजारांची मर्यादा सांगितली होती, पण मी औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. आमच्याकडे मर्यादा म्हणजे जिच्या जवळपासही जायचं नाही अशी गोष्ट. दर दहा किलोमीटरला मी आकडा सांगायचे आणि उषाताई वहीत लिहायच्या. बावीसशे. बावीसशे. बावीसशे.

वेरूळच्या अलीकडे चारा भरलेल्या टेम्पोने आम्हाला मागे टाकलं. उषाताईंनी त्याच्याकडे बघून हात हलवला.

"वृंदा, ही रेसची गाडी आहे ना गं?"

"रेसची नाही ताई, जोरात पळणारी."

"मग आज उपास आहे का तिचा?"

वेरूळला पोहे आणि चहा झाला. दोघींचे मिळून शंभरच्या आत. कन्नडपर्यंत रस्ता चांगला आहे, दोन-तीन ठिकाणी काम चालू होतं. कन्नडच्या पुढे घाट सुरू होतो आणि आपण पठाराच्या कडेवरून एकदम खानदेशात उतरतो. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या ट्रकना घाटात बंदी होती, त्यामुळे रस्ता मोकळा मिळाला. निघण्याआधी चौकशी मात्र करा. डाव्या हाताला गौताळ्याचं जंगल, खाली कापसाची पांढुरकी शेतं आणि दूरवर धुरकट चाळीसगाव. मी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, अगदी सावकाश उतरले. माझ्या मते मी आदर्श पद्धतीने गाडी चालवत होते.

घाट संपल्यावर सपाटीला मी पाय दाबला आणि उषाताई मागच्या काचेतून बघत म्हणाल्या, "मागं निळं निळं काय दिसतंय?"

मला आरशात बघायचीही गरज नव्हती. निळा धूर म्हणजे जळणारं तेल.

चाळीसगावात स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. बाराशे रुपये, स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. गाडी गार झाल्यावर तेलाची पट्टी बाहेर काढली. निघताना वरच्या खुणेवर असलेलं तेल मधल्या भागापर्यंत उतरलं होतं. शंभर किलोमीटरमध्ये. पुसून पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तेल तिथेच होतं.

जेवायला लॉजखालच्या खानावळीत शेवभाजी समोर आली ती लालभडक, वर तेलाचा जाड तवंग. एरवी मी दोन वाट्या खाल्ल्या असत्या. मी बाहेर जाऊन मुजीबभाईंना फोन लावला.

"कितीपर्यंत नेली, मॅडम?"

"बावीसशे. एकदाही वर नाही."

"सारा रस्ता?"

"सारा रस्ता. वहीत लिहिलंय."

पलीकडे त्यांनी गॅरेजमधलं ठोकणं थांबवायला लावलं. मग ते म्हणाले, "मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वहीत बघा, काय लिहिलंय?"

मी गाडीचं दार उघडून वही काढली. पानाच्या वर माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून: ३५०० च्या वर नाही. एवढंच. दुसरं वाक्य मी ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि लिहिलं नव्हतं. त्यात आकडा नव्हता.

"दुसरी राहिली," मी म्हणाले.

"तुम्ही तिला लई जपलं. जोर पडला तरच रिंगा भिंतीला दाबून बसतात. नुसतं लाडानं फिरवली तर भिंत काचेवाणी गुळगुळीत होती, मग तेल थांबत नाय. एकूण किती चालली?"

"गावातली धरून दोनशे तीस."

"मग टाइम हाय अजून. थोडाच हाय. घाट हाय ना तिथं? उद्या मागं वजन टाका. दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजारपासून दाबून साडेतीनपर्यंत चढवा, मग पाय पूरा सोडा. परत दाबा, परत सोडा. तीन-चार वेळा चढवा. निघण्याआधी तेल भरा."

"आणि नाही बसलं तर?"

"तर मी तुमच्याशी खोटं बोलणार नाय."

जेवायला परत आले तेव्हा माझी भाजी गार झाली होती. उषाताईंना मी सगळं सांगितलं. पाटणादेवीला जायचा हट्ट मूळ त्यांचा होता, म्हणून सांगताना मला अपराधी वाटत होतं. बाईने तीन महिने वाट पाहिली होती.

"देवी काही कुठं जात नाही," त्या म्हणाल्या. "वजन किती पाहिजे?"

दुसरा दिवस

सकाळी बाजार उघडायची वाट बघत आम्ही उभ्या होतो. उषाताईंनी पन्नास-पन्नास किलोची बाजरीची दोन पोती घेतली. हमालाने ती मागच्या सीटवर टाकताना विचारलं, "आक्का, एवढी बाजरी कोनाले?"

"गाडीला," उषाताई म्हणाल्या.

घाटाच्या पायथ्याशी मी थांबले. ज्या इंजिनला मी आतापर्यंत कापसात ठेवल्यासारखं जपलं, त्याला आता जाणूनबुजून ताण द्यायचा होता. मुजीबभाईंचं बरोबर असेल तर गाडी वाचणार होती. मी पुन्हा काही अर्धवट ऐकलं असेल तर शेवटचा ब्लॉक माझ्याच पायाखाली संपणार होता. म्हणून निघण्यापूर्वी मी त्यांची पाचही वाक्यं वहीत लिहिली आणि उषाताईंना मोठ्याने वाचायला लावली.

दुसरा गिअर. दोन हजार. दाबलं.

गाडी पहिल्यांदा बोलली. सहा वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता; विकत घेतली तेव्हा ती खोकत होती आणि नंतर मी तिला बोलूच दिलं नव्हतं. छातीतून निघाल्यासारखा खणखणीत आवाज आणि पाठ सीटला टेकली. अडीच. तीन. साडेतीन. पाय सोडला. इंजिनाने गाडी मागे ओढून धरली. पुन्हा दाबलं. वेग पन्नासच्या वर गेला नाही, तेव्हा कुणी याला साहस समजू नये. वळणांवर मी कुठेही ओव्हरटेक केलं नाही आणि तुम्हीही करू नका.

पहिल्या चढाईत निळा धूर होता. माथ्यावर वळून खाली आलो, इंजिन दहा मिनिटं थांबवलं, पुन्हा वर. दुसऱ्या चढाईतही होता. कमी होता का? उषाताई म्हणाल्या कमी आहे. मला खात्री नव्हती आणि हवं तेच दिसतंय की काय, अशी शंका आली. म्हणून मी त्यांना सांगितलं, "ताई, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"तुला बरं वाटावं म्हणून मी शंभर किलो बाजरी घेतलीय. बोलण्यात कशाला काटकसर करू?"

तिसऱ्यांदा वर निघालो तर पायथ्याच्या चौकीवरच्या हवालदाराने हात केला.

"मॅडम, तिसऱ्यांदा बघतोय तुम्हाला. काही हरवलं का घाटात?"

"नाही साहेब. इंजिन नवीन बांधलंय, त्याला चढ द्यायचाय."

त्याने आत वाकून पाहिलं. "आणि ही पोती?"

"वजन म्हणून."

तो पोत्यांकडे, मग उषाताईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. "आमच्या सायबांची जीप पण लई धूर सोडती. तिला चालंल का हे?"

"आधी इंजिन बांधावं लागेल."

"मग राहू द्या. जावा."

तिसऱ्या चढाईच्या शेवटी माथ्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाई उठून रस्त्यापर्यंत आल्या. त्यांनी आमच्या सगळ्या फेऱ्या मोजल्या होत्या. दोन कणसं हातात देत म्हणाल्या, "आता तरी गाडीतून उतरा. लई दमला असाल." कणसं वीस रुपयांना एक. लिंबू-तिखट सढळ हाताने.

"मावशी, मागून धूर दिसला का हो?" मी विचारलं.

"पयल्यांदा आलात तवा होता. आता न्हाय दिसला."

या बाईंना माझी मर्जी राखायचं काही कारण नव्हतं. तरी मी पुन्हा खाली गेले आणि चौथ्यांदा वर आले. त्या वेळी उषाताई पूर्ण चढ मागे वळून बघतच बसल्या होत्या. माथ्यावर आल्यावर म्हणाल्या, "मागं फक्त रस्ता आहे."

घरी

परतीला मी कुठेच एका वेगाने चालले नाही. कधी चाळीस, कधी सत्तर, चढ दिसला की दाबायचं. वेरूळच्या पुढे चाऱ्याचा एक टेम्पो दिसला. तोच होता असं मी म्हणणार नाही. पण रस्ता मोकळा बघून त्याला मागे टाकलं आणि उषाताईंनी पुन्हा हात हलवला.

पुंडलिकनगरला पोहोचल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ दिलं आणि पट्टी काढली. सकाळी ज्या खुणेपर्यंत तेल भरलं होतं, तिच्या एक केसभर खाली. पुढचे तीन आठवडे, चारशे किलोमीटर, ते तिथेच आहे.

बाजरीचं एक पोतं उषाताईंकडे, एक आमच्याकडे. रोज भाकरी चालू आहे.

मी स्वतःला काळजीपूर्वक वागणारी समजते. या प्रवासात कळलं की मी जे मोजता येतं तेवढंच काळजीने ऐकते. हे कबूल करायला अवघड गेलं, पण कबूल केल्यावर गाडी चालवायला सोपं झालं.

मुजीबभाईंनी गाडी तपासली, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं, त्यावर तेलाचा डाग नाही हे बघितलं आणि नुसतं "हौ" म्हणाले. मग माझी वही मागितली. बावीसशेंची रांग त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचली.

"हे पान मला द्या, मॅडम. मी सांगतो तर लोक अर्धंच ऐकतात."

कॉलेजपासून मी नोंदींच्या वह्या ठेवते. त्यांतलं एकही पान मी कधी फाडलेलं नाही. पेन घेऊन वरच्या ओळीखाली मी राहिलेलं वाक्य लिहिलं: एका चालीने चालवू नका. आणि पान फाडून दिलं.

परवा कूलंट बदलायला गेले, तर ते पान भिंतीवर खिळ्याला होतं. एक गृहस्थ चष्मा वर करून वाचत होते. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन पलीकडे बाकावर उघडं पडलं होतं.

"हे एवढे बावीसशे-बावीसशे कुणी लिहिलेत हो?" त्यांनी विचारलं.

मुजीबभाई काही बोलायच्या आत मी स्टूल ओढून घेतलं.

"मी," मी म्हणाले. "बसा, सांगते."