मेलेलीचे पाय

मी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर आले तेव्हा मेलेली होते.

हे काम मला शोभलं, असं आमच्या मुळगावात बऱ्याच जणांचं मत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी दरवर्षी झाड असायचे. (इंग्रजी शाळा होती, त्यामुळे इंग्रजी झाड.) एका वर्षी बाईंनी हौसेनं झाडाला एक वाक्य दिलं. मला ताप आला. पुढच्या वर्षापासून पुन्हा मुकं झाड.

कॉलेज संपल्यावर मला पणजीत नोकरी मिळाली ती मात्र माझ्या मापानं बेतलेली. एका लहानशा ऑफिसात मी सबटायटल्स लिहिते. हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. शब्द कानातून आत येतात, बोटांतून बाहेर जातात, मध्ये तोंड लागत नाही. डिचोलीहून बस पकडायची, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहायचं आणि संध्याकाळी एक शब्दही खर्च न करता घरी यायचं. या नोकरीवर माझा जीव होता.

एकदा आमच्याकडे एका खुनाची डॉक्युमेंटरी आली. खरा खून, तीन भागांत. खून झाला होता दूर, दुसऱ्या राज्यात, पण तिथलं कोणी घर द्यायला तयार होईना, म्हणून तो पुन्हा करून दाखवायचे प्रसंग गोव्यात घ्यायचे ठरले. हळर्णच्या एका मालकानं आपलं कौलारू घर चहासकट दिलं. नोंदी घ्यायला मला पाठवलं. तिथं पोचल्यावर कळलं, की मेलेलीचं काम करणाऱ्या बाईला गाडी लागलीय आणि ती हॉटेलात आडवी पडलीय. (म्हणजे काम तेच, जागा चुकली.)

दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"साडी नेसता येते?"

मी मान हलवली.

"तोंड दिसणार नाही. फक्त पाय. काही बोलायचं नाही."

या शेवटच्या वाक्याची मी जन्मभर वाट पाहत होते.

मी स्वयंपाकघरात पालथी पडले. पाय उंबऱ्याकडे. फरशी थंड होती आणि कुठूनतरी एक हुमला, म्हणजे ती तांबडी मुंगी, माझ्या घोट्यावर चढला. हुमला चावला की गाढ झोपलेला माणूस उठून बसतो. मी बसले नाही. दिग्दर्शक म्हणाला, "बघा, काय मन लावून पडलीय." माझ्या कामाचं हे पहिलं जाहीर कौतुक.

माझ्या डोक्याशी उभे राहून दोघे जण दुपारी माशांचं ताट मागवायचं की कोंबडी, यावर बोलत होते. मला वाटलं, खुनाच्या दिवशी त्या खऱ्या बाईच्या घरीही उंबऱ्याशी उभं राहून कोणीतरी असंच जेवणाचं बोललं असेल. हा विचार मला पुढे न्यायचा होता, पण हुमला पोटरीकडे निघाला होता.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "उशीर गो?"

"काम होतं."

"कसलं?"

"पडून राहायचं."

"ते तर घरीही करतेस," आई म्हणाली, आणि विषय संपला.

डॉक्युमेंटरी लागली तेव्हा घरात सण आला. शेवटी बारीक अक्षरांत माझं नाव येणार, एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. बाबा खाणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांना सांगायला बातमी हवीच असते. रविवारी जेवणं झाल्यावर शेजारची काकी आली. माडीवरचे भाडेकरू पाटील आले. ते बेळगावकडचे, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, बायको-मुलं गावी. आई शेंगा उकडत होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, मागच्या जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी, बसले. पाय दिसतील हे मला ठाऊक होतं. पण पाय काय, सगळ्यांनाच असतात.

पहिल्या भागात प्रेत सापडलं आणि काकीनं तपास हातात घेतला.

"घोवानंच मारलीय."

"नवरा कशाला मारील?" बाबा म्हणाले. "त्याचं तोंड बघ, किती साधं. मला विचारशील तर भाडेकरू. एकटा राहतो, बायको गावी, कोणाशी बोलणं नाही. असलेच लोक."

पाटील चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी वर जाऊ काय हो, काका?"

"तुमचं नव्हे हो. टीव्हीतल्याचं."

"त्योबी सज्जन वाटायलाय," पाटील म्हणाले, आणि खुर्ची जरा दाराकडे सरकवून बसले.

"भावोजी, मी सांगतंय घोवान," काकी म्हणाली. "आता काय म्हणाला ऐकलात? त्या सकाळी त्यानं स्वतः चहा केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चहा कधी केला नाही, आणि नेमका त्या दिवशी केला?" मग तिला आठवलं. तिच्या घोवानं, म्हणजे आमच्या काकानं, त्याच रविवारी सकाळी चहा केला होता. ती पुढे सबंध भाग अंग चोरून बसली.

आई आतून शेंगांचं ताट घेऊन आली ती बघतच म्हणाली, "स्वयंपाकघर किती घाण ठेवलंय या बाईनं." आणि त्याच क्षणाला कॅमेरा उंबऱ्यावरून आत गेला. फरशी. साडीचा काठ. दोन पाय.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक वाकडा व्रण. मी लहान असताना आदोळी, म्हणजे आमच्याकडची विळी, पायावर पडली होती. आईच्याच हातून.

"बंद करा ते," आई म्हणाली.

"थांब गो, आता कळतंय कोणी मारली," बाबा म्हणाले.

"ते माझ्या पोरीचे पाय आहेत."

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग खाली वाकून माझ्या खुर्चीखाली. पाटीलही वाकले, मग आपण परस्त्रीचे पाय बघतोय हे लक्षात येऊन छताकडे बघू लागले. मी पाय वर घेतले. बाबांनी चित्र थांबवलं, मागे घेतलं आणि मला पाय मेजावर ठेवायला लावले. टीव्हीतले पाय, मेजावरचे पाय, पुन्हा टीव्हीतले.

"आपलेच," बाबा म्हणाले. आवाजात अभिमान होता. "रंग कसा हुबेहूब आलाय बघ. मेलेला."

मला वाटलं आता आई ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं माझं पाऊल हातात घेतलं आणि चोळायला लागली.

"थंड आहेत."

"फॅनखाली बसलेय गो आई."

ती चोळतच राहिली. टीव्हीवर थांबवलेले पाय तसेच होते, आणि शेंगांचं ताट कोणी घेतलं नाही.

संध्याकाळी निकाल लागला. "उद्यापासून कामावर जायचं नाही."

"आई, ते खोटं होतं."

"खोटं कसं? ती बाई खरी मेलीय ना? तू दुसऱ्याच्या मरणात जाऊन झोपलीस. उठताना सांगून उठलीस?"

"कोणाला?"

"तिला."

दिग्दर्शक 'कट' म्हणाला होता आणि मी हुमला झटकत उठले होते.

बाबांनी मध्ये पडून तोड काढली. देवीला प्रसाद लावायचा. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निवाडा असाच होतो. भटजी देवीच्या अंगावर पाण्यानं पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पडली तर माझी नोकरी राहील. डावी पडली तर मी घरी बसून शेंगा उकडीन.

मला वाटलं होतं, आठवड्यानंतरच्या सोमवारी सकाळी देवळात आम्ही तिघंच असू. पण काकीनं पहाटे पोदेराला सांगितलं होतं, आणि पोदेर सायकलवरून पावाबरोबर ती बातमी घरोघर टाकत गेला होता. सभामंडप भरला होता. वर्षानुवर्षं मला समोरून जाताना न ओळखणारे लोक आज माझ्या पायांकडे बघत होते.

आता, गाऱ्हाणं हा प्रकार लाजऱ्या माणसासाठी नव्हे. जे तुम्ही उशीतसुद्धा कुजबुजणार नाही, ते भटजी नारळ हातात घेऊन तुमच्या वतीनं ओरडून सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला गाव होकार भरतो.

"बा सातेरी माये, हे तुझं लेकरू टीव्हीवर मेलं, ते अजाणतेपणी मेलं!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पायांना काही चिकटून आलं असेल तर ते सोडव!"

"व्हय म्हाराजा!"

"परत टीव्हीवर मरणार नाही, असा शब्द तिची आवय तुला देते!"

"व्हय म्हाराजा!" यात पाटलांचा आवाज सर्वांत खणखणीत होता.

मग आई पुढे होऊन भटजींच्या कानाशी काहीतरी बोलली. भटजींनी मान हलवली.

"आणि जिच्या जागी ही पडली, त्या बाईलाही माये, तुझ्या पायाशी जागा दे. तिचं नाव..." भटजी थांबले. मागे वळले. "नाव काय तिचं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

सभामंडपातल्या निम्म्या लोकांनी तोवर तिन्ही भाग पाहिले होते. बसस्टॉपवर, दुकानात, पोदेराच्या सायकलीशी आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं.

"घोवाचं नाव सांगू काय?" काकीनं विचारलं. (घोवच निघाला होता. काका त्या दिवसापासून चहा करायचा बंद झाला होता.)

"इन्स्पेक्टरचं ठाव हाय मला," पाटील म्हणाले.

बाबांना सुरा कुठून आणला त्या दुकानाचंही नाव आठवत होतं. त्यांनी मोबाइल काढला, पण देवळात रेंज नव्हती.

"नावाशिवाय मी कोणाचं गाऱ्हाणं घालू?" भटजी म्हणाले.

पाकळ्या तशाच चिकटलेल्या. माझी नोकरी तशीच लटकलेली. आई गर्दीकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

मला नाव ठाऊक होतं. मी ते किती वेळा टाइप केलं होतं, माझ्या बोटांना पाठ होतं. पण बोटांतून आणि तोंडातून यांत फार अंतर आहे. माझ्या अंगात ताप चढतोय असं वाटलं. तोच, झाडाचा.

"कुसुम," मी म्हटलं.

"कोण बोललं?" भटजींनी विचारलं. "बाय, मोठ्यानं सांग. देवीला पोचू दे."

"कुसुम!"

आवाज सभामंडपाच्या छपरापर्यंत गेला आणि परत आला. माझाच होता. मी दचकले. आई माझ्याकडे बघत होती, आदोळी पडली त्या दिवशी बघितलं होतं तशी.

"कुसुम नावाच्या त्या लेकीला माये, तुझ्या पायाशी जागा दे!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्या एका शब्दाला आख्ख्या गावानं दिलेला हा पहिला होकार. आणि या वेळी कोणी ओरडलं नाही.

उजवी पाकळी पडली.

परत येताना बाबा आणि पाटील पुढे गेले. आई माझ्याबरोबर हळू चालत होती.

"आणखी काय ठाऊक आहे तुला तिचं?"

"तिची आई बोलली होती. खूप वेळ. मी सगळं लिहून काढलं होतं. मग ते कापून टाकलं. लांबण होत होती."

"काय बोलली?"

"तिला कच्ची चिंच आवडायची. मीठ लावून. शाळेत जाताना खिशात घेऊन जायची."

आईनं चालता चालता माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिच्या आईनंही पायांवरूनच ओळखली असेल."

तेही त्या कापलेल्या भागात होतं. मी फक्त मान हलवली.

त्या दिवसापासून आमच्या घरी खुनाची डॉक्युमेंटरी लागली की आई आतून विचारते, "मेलेलीचं नाव काय?" कोणाला सांगता आलं नाही तर टीव्ही बंद. बाबा हल्ली सुरा विसरतात, पण नाव लक्षात ठेवतात.

मी पुन्हा कामावर जायला लागले. पुढच्या डॉक्युमेंटरीच्या वेळी दिग्दर्शकानं मलाच बोलावलं. मी सांगितलं, मला आता मरता येत नाही, आईनं देवीला शब्द दिलाय. तो म्हणाला, हरकत नाही, या वेळी जिवंत हो. शेजारीण आहे, पोलिसांना एकच वाक्य सांगायचं: 'मी काही पाहिलं नाही, साहेब.'

ज्या मुलीनं सभामंडप दणाणून सोडला, तिला हे काय अवघड, असं मला वाटलं. सकाळी सुरुवात केली. दुपारी पोलीस झालेला नट कंटाळून जेवायला गेला. शेवटी दिग्दर्शकानं मला नुसतं जनेलात उभं केलं, नकारार्थी मान हलवायला लावली आणि ते वाक्य दुसऱ्या कोणाकडून तरी बोलून घेतलं.

रविवारी सगळे पुन्हा जमले. आईनं शेंगा उकडल्या. बाबांनी सगळ्यांना आधी मेलेल्याचं नाव पाठ करायला लावलं. मग मी आले, तोंडासकट. जनेलात उभी राहिले, मान हलवली, गेले.

बाबांनी चित्र मागे घेऊन मला पुन्हा एकदा पाहिलं. मग काकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खरं सांगू गो?" ती म्हणाली. "मेलेली होतीस तेव्हा जास्त जिवंत वाटत होतीस."