फोटोत मुलाच्या मागे काय आहे

सकाळी बाजारात मासे विकून झाले की अलिबागच्या एका सभागृहात मी चहा देते आणि झाडलोट करते. तिथे सारखी शिबिरं असतात. शेतीची, मतदानाची, बचत गटांची. मी ट्रे घेऊन आत जाते, कप ठेवते आणि भिंतीकडेने बाहेर येते. आत काय बोलतात ते कानावर पडतं, पण माझ्याबरोबर घरी येत नाही. मागच्या आठवड्यातलं आलं.

तीन दिवस पोलिसांचं शिबिर होतं. माणसांना चोरून सरहद्दी पार करून नेणारे एजंट मोबाइलवर कसे शोधायचे, ते शिकवायला मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. समोर बसलेले अधिकारी त्यांच्या दुप्पट वयाचे. पहिल्याच दिवशी एका साहेबांनी एजंटचा व्हिडिओ बघता बघता अंगठा लावला.

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतःच्या नावावरून त्याला लाइक दिलंत."

"चुकून लागलं हो."

मागून कोणी म्हणालं, "साहेब, बॅग भरा. तुमचाच नंबर लागला आता इटलीला."

सगळे हसले. मी कप गोळा करत होते. मला हसता आलं नाही, कारण माझा मुलगा तसाच गेला आहे. सव्वा वर्ष झालं. एजंट कोण ते आम्ही कधी पाहिलं नाही, सगळं फोनवर. युरोपात हॉटेलात काम, एवढंच माहीत. चार महिन्यांनी मुलाने एक फोटो पाठवला. गच्चीवर तीन पोरं उभी, त्यातला डावीकडचा माझा. मग एकदा फोन केला, "दोन दिवसांत पुढे जातोय, पोचलो की करतो." त्याला अकरा महिने झाले. एजंटचा नंबर बंद आहे. बंद होण्याआधी त्याने सांगितलं होतं, पोलिसांत गेलात तर पोरगा आहे तिथेच राहील. म्हणून आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम शिकवत होत्या की फोटोत माणूस बघायचा नाही, त्याच्या मागे काय आहे ते बघायचं. डोंगर, दुकानाची पाटी, विजेचं बटण, सावली कुठे पडली आहे. त्यावरून गाव सापडतं. मी दारात ट्रे घेऊन उभी राहिले. चहा गार झाला तेव्हा कोणीतरी हाक मारली.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅडम नळावर हात धूत होत्या. मी तीनदा जवळ जाऊन परत फिरले. चौथ्यांदा त्याच म्हणाल्या, "मावशी, काय हवंय?"

"मॅडम, एक फोटो दाखवू?"

त्यांनी ओले हात ओढणीला पुसले आणि माझा मोबाइल घेतला. खूप विचारलं. विमान कुठलं, बरोबर कोण, कुठून पुढे जाणार होता. मला एकाचंही उत्तर येईना.

"अहो, निघताना तुम्ही विचारलं नाहीत, कुठे चाललास?"

एजंटचा फोन सकाळी आला आणि तासाभरात तो निघाला. मी मासे विकून परत आले तर बॅग त्याच्या खांद्यावर होती. पाय बाहेर पडला की "कुठे" म्हणत नाहीत आमच्यात. माझा बाप होडीवर जायचा तेव्हा आई कधी म्हणाली नाही. मी त्याच्या हातावर दही घातलं आणि बाजूला झाले. मॅडमना मी एवढंच सांगितलं, "विचारायचं नसतं." त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाल्या, "हा फोटो मी वर्गात दाखवला तर चालेल?"

मी व्हय म्हटलं.

मुलगा भिंतभर मोठा झाला. हनुवटीवरची खूण सुपाएवढी दिसत होती. तीसेक माणसं त्याच्याकडे बघत होती, म्हणजे त्याच्या मागे बघत होती. एकाला मशिदीचा मिनार दिसला, एकाला निळी टाकी, एकाला पाटीवरची अर्धी अक्षरं. मी त्याचं तोंड बघत होते. वाळला होता. आमच्या छोट्या मोबाइलवर ते इतके दिवस कळलं नव्हतं.

पाऊण तासात त्यांनी गाव काढलं. तुर्कस्तानातलं, समुद्राच्या काठावरचं. मग नकाशात गल्ली काढली, मग ती गच्ची. अंगठा लावणारे साहेब मला म्हणाले, "मावशी, घर मिळालं बघा." मला खुर्ची दिली. त्या सभागृहात मी कधी बसले नव्हते.

मॅडमनी त्याच गच्चीचे आणखी व्हिडिओ शोधले. एक मिळाला, दोन महिन्यांपूर्वीचा. कोणीतरी हिंदीत म्हणत होता, आज आपली मुलं निघाली, तुम्ही पण या. पाच-सहा पोरं जिना उतरत होती. त्यांत माझा नव्हता. शेवटच्या पोराच्या खांद्यावर काळी बॅग होती, तिच्या पट्ट्याला हिरवा दोरा.

ती बॅग माझ्या मुलाची. तिचा पट्टा उसवला होता, तो मी जाळं शिवायच्या दोऱ्याने शिवून दिला होता. शिंपी मारतो तसा टाका नाही, जाळ्याच्या डोळ्याला मारतो ती गाठ. एकापुढे एक सात.

मी "बॅग" म्हटलं, ते कोणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मॅडमनी व्हिडिओ थांबवला. नक्की का, म्हणून त्यांनी विचारलं. मी त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी मागून घेतली आणि गाठ मारून दाखवली. एका अधिकाऱ्याने माझ्या हातांचा व्हिडिओ केला. पुरावा होतो म्हणाले. वर्गात एकदम जीव आला, सगळे बोलायला लागले. त्याला नेणारी टोळी आणि हा व्हिडिओ टाकणारी टोळी एकच, हा दुवा फार मोठा आहे.

मग एक तरुण अधिकारी म्हणाला, "पण मॅडम, पोरगा स्वतःची बॅग मागे ठेवून का जाईल?"

मॅडम सांगू लागल्या, "रबराच्या होडीत माणसं जास्त बसावीत म्हणून किनाऱ्यावर सगळ्यांच्या बॅगा काढून..." तिथे त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य केलं नाही.

म्हणजे तो होडीत बसला. बसला त्याला अकरा महिने झाले, आणि पोचलो की फोन करतो म्हणाला होता. त्या मला बाहेर घेऊन आल्या. दुसरीकडे पकडले असतील, एखाद्या छावणीत असेल, असंही होतं म्हणाल्या. मी मान हलवली. मला समुद्र माहीत आहे.

घरी गेले तर नवरा अंगणात बसून होता. त्याला मी सकाळीच सांगून गेले होते की आज विचारणार.

"काय म्हणाले गो? गावला काय?"

"घर गावलं. तो राहत होता ते."

"मग गावलाच की." तो उठून उभाच राहिला. "घर गावलं म्हंजे पोर गावलं. आता आणतील त्याला."

मला बॅगेचं सांगायचं होतं. तोवर तो चप्पल घालून बंदरावर गेलाही. दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारची टोपली मांडताना म्हणाली, "पोरगा गावला म्हणं तुझा. पेढं कवा?" मी पापलेटावरच्या माश्या हाकलत राहिले.

मॅडमचा फोन आला होता. सोमवारी पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा आहे, आई-बापाने दोघांनी यायचं आणि बॅगेचं सगळं सांगायचं. तिथे ते नवऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतील. त्याआधी मीच सांगायला हवं, हे मला कळतं. रोज जेवायला वाढताना सांगायचं ठरवते. काल तो जेवता जेवता म्हणाला की पोरगा आला की त्याला परत कुठे पाठवायचं न्हाय, होडी दोघांनी मिळून करायची. मी भात वाढला.

आज रविवार. सकाळी त्याने पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.