आईच्या हातांची कविता

दिवाळीत शेजारी फटाके उडाले, की त्या दारूच्या वासानं मी तेरखेड्याच्या शाळेत जाऊन पोचते. मी सहावीत असताना गावोगावच्या शाळांत कविता म्हणत फिरणारे एक कवी आमच्या वर्गावर आले होते. त्यांनी विचारलं, "आईच्या हाताला कसला वास येतो?" कुणी भाकरीचा म्हणालं, कुणी शेणाचा. मी म्हणाले, "दारूचा." ते दचकले. बाई हसून म्हणाल्या, "फटाक्याची दारू हो सर. हिची आई कारखान्यात जाती." मग त्यांनी मला बोलतं केलं. आई साबणानं कितीदा हात घासते, तरी वास जात नाही, आणि तो आल्याशिवाय मला झोप लागत नाही, असं मी सांगत गेले. माझेच शब्द त्यांनी फळ्यावर ओळीखाली ओळ लिहिले आणि म्हणाले, "ही तुझी कविता." वहीत उतरवून घेतलेली ती कविता संध्याकाळी मी आईला वाचून दाखवली. आई कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. "माझ्या हातावर बी कविता व्हती व्हय?" म्हणाली. "तेवढं पान मला फाडून दे." मी दिलं. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिची पेटी मी दोनदा उपसली, पण पान सापडलं नाही. ते कुठं ठेवलं होतं, हे तिला विचारायचं राहूनच गेलं.